दिवा-पनवेल रुळांवर लोकल का नाही?

निळजेकर: इकडे टॉवरवर टॉवर झालेत, रूळ आहेत, वर वायरही आहे, मग लोकल सोडायला काय हरकत? मेमू, म्हणजे इथली विजेवरची पॅसेंजर, चुकली की रिक्षावाल्याच्या तोंडी लागा.

मालडबा: अरे रूळ रिकामे दिसतात पण जेएनपीटी बंदराचे कंटेनर, कोकणच्या गाड्या सगळं तिथूनच जातं, त्यात लोकल कुठे घुसवणार? पनवेल-कर्जतलाही जुना रूळ होताच ना, तरी एमयूटीपी ३ मध्ये, म्हणजे मुंबईच्या रेल्वे प्रकल्पांच्या तिसऱ्या टप्प्यात, लोकलसाठी वेगळी लाईन घेतलीच.

पनवेलची ताई: आणि फलाटांची उंची? मेमूला पायऱ्या असतात, लोकलला नसतात, मग खालच्या फलाटावरून चढणार कसं? मेमूतसुद्धा सासूबाईंना एका हाताने दांडा, दुसऱ्याने पिशवी धरून चढवते मी.

निळजेकर: बरं बाबा, मग सकाळी दोन मेमू तरी वाढवा की!