नागपूरच्या उन्हात कोणती शॉर्टहेअर मांजर टिकेल? ब्रिटिश की देशी, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही मनीषनगरला राहतो, तिसरा मजला, घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. मुलांनी मांजर मांजर करून डोकं खाल्लं, आता सासूबाईपण हो म्हणाल्या पण त्यांची एकच अट आहे, देवघरात आणि ताटात केस यायला नको. म्हणून छोट्या केसांचीच घ्यायची हे पक्कं आहे, पण कोणती, तिथंच सगळं अडून राहिलं.

पर्शियन तर बादच. धरमपेठेत नणंदेकडे आहे, मे महिन्यात बिचारी दिवसभर बाथरूमच्या फरशीवर पोट टेकून पडून राहते, कानामागं आणि काखेत अशा गाठी झाल्या होत्या की कंगवा आत जाईना, शेवटी डॉक्टरकडे नेऊन मशीन मारावी लागली, खूप वाईट वाटलं बघून. एक्झॉटिक शॉर्टहेअरचे केस छोटे असले तरी नाक पर्शियनसारखंच चपटं, श्वासाला त्रास, आणि आपल्याकडे ४५ च्या वर पारा जातो. स्कॉटिश फोल्ड मुलीला फार आवडली होती, पण ज्या जीनमुळे कान दुमडतात त्याच जीनमुळे सांधेपण खराब होतात हे वाचल्यावर तिनंच नको म्हटलं. सयामी खूप बोलते म्हणतात आणि तिला सतत माणूस लागतं, आम्ही दोघंही नोकरीवर, सासूबाईंची दुपारची झोप जाईल.

उरली ब्रिटिश शॉर्टहेअर आणि आपली देशी. ब्रिटिश शांत असते, मुलांचा गोंधळ सहन करते, फक्त उचलून घेतलेलं आवडत नाही, ते चालेल. पण तिचे केस आखूड असले तरी खूप दाट असतात, आतून मऊ थर वेगळा. बंद घरात राहून वजन पटकन वाढतं, आणि त्या जातीत हृदयाच्या स्नायूचा आजार असतो म्हणून आईबापाची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली का हे ब्रीडरला विचारायचं, मी एकाला विचारलं तर त्याला प्रश्नच समजला नाही. माझं मन देशीकडेच आहे, इथल्याच उन्हात वाढलेली, अंगाला चिकटून केस, आठवड्यातून एकदा ब्रश केला तरी झालं.

आता विचारायचं ते असं. ब्रिटिश शॉर्टहेअर नागपुरात कोणी एसीशिवाय, फक्त कुलरवर ठेवली आहे का, पावसाळ्याआधीच्या दमट दिवसांत कशी राहते? मिस्टरांना धुळीनं शिंका येतात, आणि मांजराची ॲलर्जी केसांपेक्षा लाळेतल्या प्रोटीननं होते म्हणे, म्हणजे केस छोटे असून उपयोग नाही, तर आणायच्या आधी नणंदेकडे दोनचार तास बसवून बघणं पुरेल का? देशी पिल्लू घेतलं तर निदान आठ आठवडे आईजवळ राहिलेलंच घ्यावं हे माहीत आहे, पण सोसायटीतलं पिल्लू घरात बांधून घातल्यासारखं तर होणार नाही न? बाल्कनीला जाळी लावूनच आणणार आहोत. आणि सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात कोणी मांजरीची नसबंदी करून घेतली असेल तर अनुभव सांगा, कितव्या महिन्यात केली आणि घरी आणल्यावर टाके चाटू नये म्हणून काय केलं.

ताई-दादा, ज्यांच्या घरी लहान मुलं आणि मांजर दोन्ही आहे त्यांनी नक्की लिहा, फोटो टाकले तर मुलांना दाखवीन.