मदत हवी आहे : सहावीसाठी सैनिक स्कूल चंद्रपूर की नवेगाव खैरीचं नवोदय?

नमस्कार मंडळी. भाचा पाचवीत, शाळा काटोल तालुक्यातली, मराठी माध्यम. दोन्ही शाळांच्या प्रवेश परीक्षांची तयारी एकत्र चालवायची आहे, पण पेपरांचा स्वभाव फारच वेगळा.

सैनिकच्या ३०० गुणांपैकी १५० एकट्या गणिताचे (५० प्रश्न, प्रत्येकी ३). उरलेल्या भाषा, बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान यांना ५०-५०. म्हणजे गणितात घसरलं की बाकी काही सावरत नाही. नवोदयचा पेपर १०० गुणांचा, दोन तासांचा, त्यात निम्मे गुण आकृत्यांवरच्या बुद्धिमत्तेच्या प्रश्नांना.

ताई म्हणते, क्लाससाठी आताच नागपुरातल्या शाळेत टाकू. मी थांबवलं आहे. नवोदयच्या ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, आणि तिसरी ते पाचवी पूर्ण खेड्यातल्या शाळेत हवी. मधेच शहरात नाव घातलं की तो शहरी धरला जातो.

आता विचारायचं ते :

१) सैनिकच्या वैद्यकीय तपासणीत मुलं कशावर अडकतात? त्याला हलका चष्मा आहे, आधीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून काय तपासून घ्यावं?

२) दोन्हीकडे नाव लागलं तर? नवोदयमध्ये आठवीपर्यंत राहणं-जेवण-शिक्षण मोफत. सैनिकची फी बरीच, शिष्यवृत्ती उत्पन्नावर. पहिल्या वर्षी फी आधी भरावी लागते का?

३) मराठीतून सहावीत गेलेल्या मुलांना सैनिकमधलं इंग्रजी माध्यम झेपायला किती दिवस लागतात?

एनडीएचं (सैन्यात अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) स्वप्न मामाचं जास्त, पोराचं कमी, हेही सांगून टाकतो.