मदत हवी आहे: बकऱ्यांमागे धावणाऱ्या कुत्र्याला काट्यांचा पट्टा घालावा का?

राम राम मंडळी. आम्ही टिपेश्वर अभयारण्याजवळ, पांढरकवडा तालुक्यात राहतो. वावरात रानडुकरांमुळे रात्रभर जागल करावी लागते. सोबतीला वाघ्या, दोन वर्षांचा गावरान कुत्रा. जागलीला पक्का, पण सकाळी बकऱ्या दिसल्या की सुसाट सुटतो. दोर धरला तर मलाच ओढत नेतो. परवा शेजारच्या काकांच्या बकरीच्या पिलाचा कान फाडला.

तालुक्याच्या दुकानात आतून लोखंडी काटे असलेला पट्टा दाखवला. कुत्र्याने ओढलं की काटे मानेला टोचतात, थांबला की ढिले पडतात. बिबट्याच्या भीतीने आपल्याकडे खिळ्यांचा पट्टा घालतात, पण त्याचे खिळे बाहेर असतात! हा आत टोचणारा मला पटत नाही. फासाची साखळी तर आवळतच जाते, श्वासनळीला इजा होऊ शकते. भाचा रिमोटवर करंट देणारा पट्टा मागवू म्हणतो. अशा पट्ट्यावर ब्रिटनमधल्या वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे.

मुख्य भीती वेगळीच आहे. बकरी दिसली आणि त्याच क्षणी टोचलं, तर वाघ्या ते दुखणं बकरीशीच जोडेल आणि आणखी चवताळेल.

गावरान कुत्र्यावर असा काट्यांचा पट्टा कोणी वापरलाय का? छातीपाशी कडी असलेल्या हार्नेसने (गळ्याऐवजी अंगाला बांधायच्या पट्ट्याने) ओढणं कमी होतं का? लांब दोर लावून, दुरून बकऱ्या दाखवून, शांत राहिला की उकडलेलं अंडं द्यायचं, असं करून पाहावं म्हणतो. सुरुवात किती अंतरावरून करावी? दिवसरात्र बांधून ठेवणं शक्य नाही, चणा उभा आहे.