शहरात जात कोण बघतं?
वर कोणीतरी लिहिलंय की शहरात जात-धर्म कोण बघतं, भाडं भरलं की घर मिळतं. नाही हो, एजंट बजेटच्या आधी आडनाव विचारतो! सॅम आशर, पॉल नोव्होसाद वगैरे अर्थतज्ज्ञांनी देशातल्या जवळपास १५ लाख वस्त्यांचा डेटा तपासलाय, त्यात शहरातली जात-धर्मानुसार वेगवेगळ्या वस्त्यांत राहण्याची विभागणी साधारण खेड्यांइतकीच निघाली. पूर्ण मुस्लिम वस्तीत माध्यमिक शाळा असण्याची शक्यता मुस्लिम नसलेल्या वस्तीच्या निम्मीच. आणि खरी मेख म्हणजे जिल्ह्याची सरासरी काढली की हे दिसतच नाही, कारण शाळा शहराच्या वाट्याला येते पण बांधली जाते दुसऱ्याच वस्तीत, म्हणून जिल्हावार आकडे तोंडावर फेकून 'सगळं समान' म्हणणाऱ्यांचा मला फार संताप येतो. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांवरचा २०१५ चा अभ्यासही वाचा, नाव कळलं की कित्येक दलित-मुस्लिमांना सरळ नकार.