क्रॅनबेरीच्या मेथांब्याला कॉर्नफ्लोअर नको

मेथांबा पातळ वाटला तर कॉर्नफ्लोअर लावा, हा सल्ला मला अजिबात पटला नाही. क्रॅनबेरीत पेक्टिन, म्हणजे रस घट्ट करणारा फळातलाच घटक, भरपूर असतं. गॅसवर असताना रस पळीवरून पाण्यासारखा ओघळतो, पण गार होताना तो आपोआप आळतो. कढईतच दाट होईपर्यंत आटवलात तर दुसऱ्या दिवशी बरणीत चमचा रुतत नाही. मी 340 ग्रॅमच्या पिशवीला साधारण वाटीभर गूळ घेते. मोहरी, मेथीदाणे, हिंगाची फोडणी, त्यात अख्खी फळं आणि अर्धी वाटी पाणी. झाकण ठेवाच, कारण सालं फट्फट् फुटतात आणि रस ओट्यावर उडतो. बहुतेक फळं फुटली की गूळ, तिखट, मीठ घालायचं, गूळ विरघळून दोन-तीन उकळ्या आल्या की गॅस बंद.

आणि धुताना तरंगणारी फळं पोकळ म्हणून कृपा करून टाकून देऊ नका! प्रत्येक फळात हवेचे चार कप्पे असतात, त्यामुळे उत्तम फळही तरंगतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स, विस्कॉन्सिनमध्ये शेतात पाणी सोडून पीक काढतात ते याच जोरावर. पारख बोटांनी करा: टणक ते ठेवायचं, मऊ किंवा चिकट लागलं ते काढायचं. पांढरट राहिलेली चालतात, फक्त गूळ चमचाभर वाढवा. नोव्हेंबरमध्ये जास्तीच्या पिशव्या घेऊन न धुता तशाच फ्रीझरमध्ये टाका. लागतील तेव्हा पटकन धुऊन, बर्फ उतरायची वाट न बघता थेट फोडणीत घालता येतात.