तेव्हा आम्हाला काय वाटलं होतं? मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांचे अनुभव

बाबा रुसलेत, असं घरात सगळ्यांना जवळजवळ दोन वर्षं वाटत होतं. कुणीही आलं तरी चेहऱ्यावर हसू नाही. बोलायचे इतकं हळू की पुन्हा विचारावं लागे, आणि पुन्हा विचारलं की गप्प. आईशी काहीतरी बिनसलंय असं मी धरून चालले होते. एकदा तर तोंडावर म्हणाले, "बाबा, हसायला काय पैसे पडतात?" सही जुळत नाही म्हणून बँकेतून चेक परत आला, तेही आम्ही वयावर ढकललं.

हात थरथरायला लागला तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी एकच वाक्य सात-आठ वेळा लिहायला सांगितलं. अक्षर ओळीगणिक बारीक होत गेलं. मग चालायला सांगितलं, तर डावा हात अंगाला चिकटलेलाच. पार्किन्सन्स. चेहऱ्याचे स्नायूही ताठरतात, हसू मनात असतं पण चेहऱ्यापर्यंत पोचत नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं माझ्या मनातून जात नाही.

जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या आजारावर लिहिलं, तेव्हा त्याच्याकडे सहा रुग्णांची हकिगत होती आणि त्यातल्या काहींना त्याने फक्त रस्त्यात पाहिलं होतं. त्याला अनोळखी माणसाच्या चालीतून दिसलं ते आम्हाला एका घरात राहून दिसलं नाही. थरथर सुरू होते तोवर मेंदूतल्या डोपामिन (हालचालीसाठी लागणारं रसायन) बनवणाऱ्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. वास न येणं, बद्धकोष्ठ, झोपेत ओरडणं, लाथा झाडणं हे कधीकधी कित्येक वर्षं आधी सुरू होतं. बाबांना हे तिन्ही होतं. आम्ही तिन्हीला वेगवेगळी कारणं शोधली होती.

म्हणून विचारते आहे. निदान काय झालं ते लिहाच, पण त्याआधी तुम्हाला काय वाटलं होतं तेही लिहा.

*

आमच्याकडे तर आम्ही ओरडत होतो. मुलगी सात वर्षांची. मध्येच कुठेतरी पाहत बसायची, पापण्या फडफडायच्या, हाक मारली तरी ओ नाही. पाच-दहा सेकंदांत पुन्हा जशीच्या तशी. शाळेतून तक्रार, घरी माझं "लक्ष कुठे असतं तुझं?" श्रुतलेखनाच्या वहीत वाक्याच्या मधलेच तीन-चार शब्द गायब असायचे, पुढचं सगळं बरोबर. ती वही मी तिला शिक्षा म्हणून पुन्हा लिहायला लावायचे.

बालरोगतज्ज्ञांनी तिच्या हातात कागदी भिरभिरं दिलं आणि जोरात फुंकत राहा म्हणाले. दीड-दोन मिनिटांत ती आमच्या डोळ्यांदेखत थांबली. नजर शून्यात, भिरभिरं हातात तसंच. खोल श्वास घेत राहिलं की या प्रकारची आकडी येऊ शकते, म्हणून तो खेळ. ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीत, सेकंदाला तीन अशा ठरावीक लयीतल्या लाटा दिसल्या. अपस्माराचाच हा एक प्रकार, ॲब्सेन्स सीझर. पडणं नाही, झटके नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. गोळ्यांनी काही आठवड्यांत थांबलं. बऱ्याच मुलांचं मोठेपणी हे बंद होतं, असं डॉक्टर म्हणाले.

ती वही मी ठेवली आहे. गाळलेल्या शब्दांची प्रत्येक जागा म्हणजे एक आकडी होती.

*

वरच्या ताईंनी लिहिलंय त्याच्या उलट माझं. मला मोठी फिट येते, सगळ्यांना दिसते, आणि त्यामुळेच त्रास होतो. दातखीळ उघडायला कुणीतरी तोंडात चमचा घातला. दात तुटला, शुद्धीवर आलो तेव्हा तोंडात रक्त. कृपया एवढं करा: डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, घड्याळ पाहा, झटके थांबले की कुशीवर वळवा. तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. हातपाय दाबून धरू नका. जीभ कुणी गिळत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर ताबडतोब रुग्णवाहिका.

गोळ्या चुकवल्या नाहीत तर मला वर्षवर्ष काही होत नाही. हेही लिहून ठेवतो, कारण ते कुणी विचारतच नाही.

*

हे संध्याकाळी म्हणाले, उजवा हात जड झालाय. शब्द थोडे घसरत होते. मी म्हणाले, दमलात, जरा पडा, बरं वाटेल. मीच पांघरूण घातलं. पहाटे उठवायला गेले तेव्हा उजवी बाजू पूर्ण गेलेली.

रुग्णालयात पहिला प्रश्न होता, "शेवटचे ठीक कधी दिसले होते?" मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि घड्याळ माणूस ठीक होता तिथपासून मोजतात. आमचे नऊ तास झाले होते. काहींच्या बाबतीत त्यानंतरही मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी नळी घालून काढता येते. यांच्या बाबतीत ते शक्य नव्हतं. तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोलणं घसरतंय, यातलं एकही अचानक दिसलं तर झोपू देऊ नका. थोड्या वेळाने आपोआप बरं झालं तरी जा.

आता हे काठी घेऊन चालतात. बोलणं मात्र अडलं आहे, वाचाघात म्हणतात त्याला. समजतं बरंचसं, शब्द सापडत नाही. चष्मा हवा असतो आणि तोंडातून येतं "दार". मग स्वतःवरच चिडतात. लोक मोठ्याने बोलतात त्यांच्याशी, जणू ऐकू येत नाही, किंवा माझ्याकडे पाहून त्यांच्याबद्दल विचारतात. याचा मला फार राग येतो. आठवड्याचे वार सोमवारपासून ओळीने म्हणतात, पण "आज कोणता वार?" याचं उत्तर येत नाही. मग आम्ही दोघं सोमवारपासून म्हणत येतो आणि आजच्या वारावर मी त्यांचा हात दाबते. स्पीच थेरपीच्या बाईंनी हे शिकवलं नव्हतं, आम्हाला आपसूक सापडलं. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, चालू ठेवा.

*

माझं थोडक्यात. दाढ दुखते असं वाटलं. वीज चमकावी तशी कळ, काही सेकंदांची. दाढी करताना, दात घासताना, गालावर वारा लागला तरी. दोन दाढा काढल्या, कळ तिथेच. तिसरीची वेळ आली तेव्हा दुसऱ्या दंतवैद्यांनी हात आखडता घेतला आणि म्हणाले, हे दातांचं नाही, मज्जातंतूचं आहे. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. एमआरआयमध्ये रक्तवाहिनी मज्जातंतूला घासताना दिसली. कार्बामाझेपिन या औषधाने तिसऱ्या दिवशी मी पोटभर जेवलो. चक्कर येते, रक्तातलं सोडियम तपासत राहावं लागतं. पुढे गरज पडली तर शस्त्रक्रिया आहे. काढलेल्या दोन दाढा निरोगी होत्या.

*

मला अशक्तपणा वाटला होता. दोन आठवड्यांपूर्वी जुलाब होऊन गेले होते, त्यामुळे सगळ्यांनाच ते पटलं. सोमवारी पायांना मुंग्या, बुधवारी जिना चढवेना, गुरुवारी कंगवा उचलेना. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हललाच नाही. जंतूंशी लढायला निघालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, गियाँ-बारे सिंड्रोम. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं, शिरेतून पाच दिवस दिलं. श्वासाची ताकद पाहायला दर काही तासांनी मला एका श्वासात आकडे मोजायला लावत. तीसवरून बारावर आले तेव्हा व्हेंटिलेटर लावला. हलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. एक परिचारिका प्रत्येक गोष्ट करण्याआधी मला सांगायची, आता कूस बदलतेय, आता नळी साफ करतेय. बाकीचे न सांगता करायचे. त्या दिवसांत मला तेवढाच फरक कळत होता. आज अकरा महिने झाले, चालते, पावलं अजून बधिर आहेत.

*

लिहू की नको असं झालं होतं. माझे मिस्टर चोपन्न वर्षांचे. स्मरणशक्ती उत्तम. पण माणूस बदलला. माझी आई गेली तेव्हा हे मोबाइलवर खेळत बसले होते. मला वाटलं, आता यांना माझ्याबद्दल काही उरलं नाही. वर्षभर समुपदेशन केलं, वेगळं व्हायचं ठरवत होतो. मग स्कॅन झाला. मेंदूचा पुढचा भाग आकसतोय, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. याला थांबवणारं औषध नाही. वर्षभर मी ज्या माणसावर रागावले होते, त्याची माफी मागावी तर त्याला त्याचं काहीच वाटत नाही. कुणी यातून गेलं असेल तर लिहा.

*

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मी बाबांची माफी मागू शकले. तुम्हाला तीही सोय नाही. माझ्याकडे उत्तर नाही, पण तुम्ही लिहीत राहा, मी वाचते आहे.

आणि पार्किन्सन्सबद्दल कुणी विचारेल म्हणून: बाबा दारात आले की पाय जमिनीला खिळतात. उंबऱ्यापाशी आम्ही जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावल्या आहेत. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो. ओढू नका, तोल जातो. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, रोज ठरल्या वेळेला. आवाजासाठी रोज सकाळी लांब "आ" म्हणायचा सराव आहे. सुरुवातीला सहा सेकंद टिकायचा, आज चौदा झाला. मी टाळ्या वाजवल्या. चेहरा तसाच होता. विचारलं, "हसताय ना?" म्हणाले, "केव्हाचा."