व्हॉलीबॉल: बारा वर्षांच्या पोरांना २.४३चं नेट? उत्तर द्यावंच लागतंय

तीनमीटर_लाइन

उन्हाळी शिबिरांच्या धाग्यावर काल एका सदस्याने लिहिलं: "नेट खाली घेऊन पोरांना खेळवणं म्हणजे त्यांची फसवणूक. पहिल्या दिवसापासून २.४३ लावा. टिकेल तो खेळाडू." २.४३ मीटर ही मोठ्या पुरुषांच्या नेटची उंची. त्या पोस्टखाली भराभर अंगठे पडले. ते अंगठे बघून गप्प बसवेना, म्हणून वेगळा धागा.

बारा वर्षांचा मुलगा घ्या, उंची दीडशे सेंटिमीटर. हात सरळ वर केला की बोटांची टोकं १९०-१९५ला जातात. चांगली उडी मारली तर तीस सेंटिमीटर वर. म्हणजे २.२५. नेटची वरची पट्टी अजून वीत-दीड वीत वरच आहे, आणि बॉल तर पट्टीच्याही वरून जायला हवा. मग पोरगं काय करतं? बॉल डोक्याच्या मागे येईपर्यंत थांबतं, कोपर कानाच्या खाली आणतं, पाठ मागे वाकवतं आणि बॉलला खालून वर ढकलतं. याला तुम्ही "हात चुकतोय" म्हणता. हात चुकत नाहीये. त्या उंचीवर बॉल पलीकडे घालवायचा तेवढा एकच रस्ता त्याच्याकडे आहे. तीन वर्षं रोज तसं मारल्यावर सोळाव्या वर्षी उंची आली तरी कोपर खालीच राहतं, मनगट बॉलवर फिरत नाही आणि प्रत्येक स्मॅश एंड लाइनच्या बाहेर. खांदा आणि कंबर दुखायला लागते ती वेगळीच.

जपानमध्ये प्राथमिक शाळेतली मुलं २.०० मीटरवर खेळतात, बॉल २०० ते २२० ग्रॅमचा. पुढे माध्यमिक शाळेत मुलगे २.३०, मुली २.१५. टप्प्याटप्प्याने वर नेतात. याला कुणी फसवणूक म्हणत नाही.

माझं साधं गणित: उभ्याने हात पोचतो ती उंची, अधिक उडी, वजा वीस सेंटिमीटर. गटातल्या मधल्या उंचीच्या मुलाचं काढा आणि तिथे नेट बांधा. वरच्या मुलाचं येतं २.०५.

एंडलाइनवाला

अंगठा देणाऱ्यांत मी आहे, आणि तो मागे घेत नाही.

तुमचं गणित एका मुलाचं आहे, मैदानावर बारा असतात. त्या वयात एक १३५चा, एक १६५चा. २.०५ लावलंत की तो १६५वाला पहिल्या दिवशी नेटपासून तीन मीटरच्या आतून सरळ खाली ठोकतो. समोरच्या १३५वाल्याच्या तोंडावर. तो पुढच्या वेळी डोळे मिटतो, त्याच्या पुढच्या वेळी येतच नाही. रॅली दोन टचमध्ये संपते, बाकीचे दहा जण उभे.

नेट वर असलं की कुणालाच ठोकता येत नाही. मग झक मारत अंडर (जोडलेल्या हातांवर खालून घेतलेला बॉल) नीट काढावा लागतो, बूस्टरकडे (स्मॅशसाठी बॉल उचलून देणाऱ्याकडे) बॉल उंच द्यावा लागतो, अप्परने (डोक्यावर बोटांनी ढकलून) मागच्या कोपऱ्यात प्लेसिंग करावं लागतं. तीन टच होतात. पाय हलतात. बाराव्या वर्षी शिकायचं ते एवढंच. स्मॅश चौदाव्या वर्षी आला तरी काही बिघडत नाही. जपानचं जपानमध्ये. तिथे जिम आहे, लाकडी फ्लोअर आहे. आपल्याकडे खांबांची एकच जोडी, आणि सहा वाजले की मोठी मुलं येऊन उभी राहतात. रोज नेट कोण सोडणार आणि बांधणार?

फक्कीवाला

दोघंही आकडे देताय, पण नेट मोजतंय कोण? नेटची उंची मध्यभागी मोजतात. दोन्ही साइडलाइनवर ती सारखी असावी आणि ठरलेल्या उंचीपेक्षा दोन सेंटिमीटरहून जास्त नसावी, असा नियम आहे. गल्लीतल्या मैदानावर नायलॉनच्या दोरीने बांधलेलं नेट बघा: खांबाजवळ २.५०, मध्ये झोळ पडून २.३५. संध्याकाळी एखादा नेटला लटकला की अजून पाच सेंटिमीटर खाली. तुमचं २.४३ हे बहुतेक ठिकाणी बोलण्यापुरतं आहे.

नेट रोज सोडायचा प्रश्न वेल्डरकडे एका फेरीत सुटतो. खांबाच्या बाहेरच्या अंगाला २.००, २.१५, २.२४ आणि २.४३ अशा चार उंचींवर हूक लावून घ्या. वरची दोरी काढून प्लास्टिकचं वेष्टन असलेली स्टीलची तार ओवा, एका टोकाला कायमची कडी, दुसऱ्या टोकाला रॅचेट (तार ताणून धरणारं खटक्याचं चाक). खालच्या दोरीलाही ताण हवाच, नाहीतर नेटमध्ये गेलेला बॉल उसळून परत येत नाही, सरळ खाली पडतो आणि पोरं तो उचलायला शिकतच नाहीत. उंचीसाठी बांबूच्या काठीला चार रंगांच्या पट्ट्या मारून ठेवा. दोन मुलं तीन मिनिटांत उंची बदलतात.

आणि कृपा करून खांबाला ताण द्यायला जमिनीत तिरक्या तारा ठोकू नका. बॉलमागे धावणारं पोरगं त्यात अडकून पडतं. खांब काँक्रीटमध्ये नीट गाडला असेल तर तारांची गरज नाही.

कडेची_नंबर_चार

तीनमीटरदादा, एंडलाइनदादा, तुम्ही नेटवरून भांडताय आणि पोरं पळतात ती बॉलमुळे. दहा-बारा वर्षांच्या कुठल्याही मुलीचे हात बघा. मनगटाच्या वर लाल ठिपके, दोन दिवसांनी निळे. सगळे म्हणतात "सवय होईल". सवय होत नाही, हात आखडतात. बॉल यायच्या आधीच कोपर वाकतं आणि मान फिरते.

व्हॉलीबॉलमध्ये हवा हवी ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंमी, म्हणजे सव्वाचार ते साडेचार पीएसआयच्या आसपास. फुटबॉलला याच्या दुप्पट आणि त्याहून जास्त चालते. आपल्याकडे पंप एक, भरणारा एक, दोन्ही बॉल "टणक" होईपर्यंत भरतो. सायकलच्या पंपाचा गेज शंभरच्या पुढे जातो, त्यावर साडेचारला काटा जागचा हलतही नाही. सुईवाला छोटा गेज वेगळा मिळतो, तोच घ्यावा.

एंडलाइनवाला

ताई, मुरमावर मऊ बॉल घेऊन खेळून दाखवा. टप्पा मरतो, सर्व्हिस पलीकडे जात नाही, आणि पॅनेलच्या कडा दोन महिन्यांत सुटतात. बॉल टणक लागतो तो हौसेने नाही, मैदानामुळे.

कडेची_नंबर_चार

व्हॉलीबॉलमध्ये टप्प्याचा संबंध काय? टप्पा पडला की पॉइंट संपला. बॉल हातावरून उडायला हवा, जमिनीवरून नाही.

कडा सुटतात त्या जास्त हवेमुळेच. आतला ब्लॅडर बाहेर ढकलतो, पॅनेल ताणली जातात, जोड उघडतो, त्यात मुरमाची रेती शिरते. महिन्याभरात बॉल अंड्यासारखा होतो आणि सर्व्हिस करताना हवेत डगमगतो. मग सगळे म्हणतात काय मस्त फ्लोटर (न फिरता हवेत हलत जाणारी सर्व्हिस) पडला.

उन्हाचं तर कुणी धरतच नाही. सकाळी २५ अंशांना ४.४ भरलेला बॉल दुपारी मोटरसायकलच्या सीटवर राहिला आणि ४५ अंशांना पोचला, तर आत जवळपास ५.७ होतात. एक दट्टाही न मारता. मे महिन्यातल्या शिबिरात संध्याकाळच्या सत्राला हेच बॉल थेट पोरांच्या हातावर येतात.

सुईओली

आकडे बरोबर आहेत. गेज नसेल त्यांच्यासाठी: दोन्ही अंगठ्यांनी दाबून बॉल अर्धा ते एक सेंटिमीटर आत जायला हवा. सुई आधी ओली करा, पाण्याने किंवा ग्लिसरीनने, कोरडी घातली की व्हॉल्व्हचं रबर फाटतं आणि रोज हवा जाते. सुई तिरकी घालू नका. गेज लावताना थोडी हवा निसटते, तेव्हा किंचित जास्त भरून मग खाली आणा. शिंप्याच्या टेपने मोठ्यांच्या बॉलचा घेरही बघत जा, ६५ ते ६७ सेंटिमीटर.

अँटेना_८०

टेपने हवा कळत नाही. चांगल्या बॉलच्या आत सुताचा थर असतो, तो घेर फारसा वाढू देत नाही. ६८ भरला याचा अर्थ तो बॉल आधीच ताणून संपलाय, त्यातली हवा कमी करून तो परत ६६ होत नाही. टेप जुने बॉल बाद करायला वापरा.

सुईओली

मी "हवा कळते" असं कुठे लिहिलंय? पण ठीक, वाक्य तसं वाचलं जाऊ शकतं. जुने बॉल बाद करायलाच.

एंडलाइनवाला

हवेच्या गप्पांत मुद्दा गेला. हात लाल होतात ते बॉल चुकीच्या जागी लागतो म्हणून. मनगटाच्या हाडावर आणि अंगठ्यांवर घेतात. मनगटाच्या चार बोटं वर, हाताच्या मांसल सपाटीवर घ्यायला शिकवा, कोपरं ताठ, हात झोकायचा नाही, पायाने उचलायचं. मग पाच पीएसआयचा बॉलसुद्धा लागत नाही. हे शिकवायला मेहनत लागते. गेज विकत घेणं सोपं असतं. मैदानावर उभं न राहता लिहिणारे आजकाल फार झालेत.

कडेची_नंबर_चार

शेवटचं वाक्य मागे घ्या. मुद्दा खोडता येत नाही म्हणून माणसावर जाऊ नका.

जागा चुकते हे मान्यच आहे. पण ती सुधारायला एका मुलाला सत्रात शंभर-दीडशे अंडर काढावे लागतात. दगडासारख्या बॉलने ते विसाव्यालाच थांबतं. दुखलं की शरीर चुकीची जागा निवडतं, हात आत ओढतं. तंत्र शिकवायलाच मऊ बॉल लागतो, तंत्राऐवजी नाही.

तीनमीटर_लाइन

ताईंना पूर्ण पाठिंबा. जपानसारखा २०० ग्रॅमचा बॉलच आणावा.

अँटेना_८०

तिथे मात्र एंडलाइनवाल्यांच्या बाजूने. २०० ग्रॅमचा बॉल बंद जिमसाठी आहे. आपलं मैदान उघडं. कोकणपट्टीत संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटला की हलका बॉल बूस्टरच्या डोक्यावरून दीड मीटर सरकतो, पोरं बॉलखाली जायचं सोडून वाऱ्याचा अंदाज घेत बसतात. शिवाय हलका बॉल बोटांत पकडून ढकलला तरी जातो, तसा अप्पर पुढे नेहमीच्या बॉलवर होल्ड, म्हणजे बॉल पकडल्याचा फाउल, धरला जातो. उघड्यावर चार नंबरचा (मोठ्यांच्या बॉलपेक्षा लहान), २४० ते २६० ग्रॅमचा, आणि हवा खालच्या मर्यादेला. दोन्हीचा मेळ बसतो.

अजून एक, हे कुणीच लिहिलं नाही. जास्त उंच नेटवर पोरं दर बॉलला जीव खाऊन उडी मारतात आणि मुरमावर किंवा काँक्रीटवर उतरतात. वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, जिथे स्नायूचा दोर (कंडरा) नडगीला चिकटतो, तिथे दुखरं टेंगूळ येतं ते अशा उड्यांनी. असं पोरगं लंगडत असेल तर त्याला उड्या बंद, अंडर-अप्पर चालू.

फक्कीवाला

माझीही एक विनंती. पहिल्या टचला "डबल! डबल!" (एकाच खेळाडूला बॉल लागोपाठ दोनदा लागल्याचा फाउल) ओरडणाऱ्या पालकांना मैदानाबाहेर उभं करा. समोरून आलेला पहिला बॉल घेताना एकाच हालचालीत तो अंगाला लागोपाठ दोनदा लागला तरी फाउल नाही. पोरं त्या ओरडण्याला भिऊन पहिला बॉल अप्परने घेतच नाहीत.

एंडलाइनवाला

मैदानावर उभं राहण्याचं वाक्य ताईंना उद्देशून नको होतं. मागे घेतलं.

गुडघ्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. वर नेट ठेवलं की उड्या वाढतात, हे खरं आहे. पण २.०५ला मी येणार नाही. २.१५, आणि पहिला महिनाभर तीन मीटरच्या आतून स्मॅश बंद. मारायचं असेल तर तीन मीटरच्या लाइनच्या मागून उडी. उंच पोराला मारायला मिळतं आणि समोरच्याला हलायला वेळ मिळतो. सर्व्हिस अंडरहँड, नेटपासून सहा मीटरवरून, नाहीतर सगळे पॉइंट सर्व्हिसवरच संपतात.

तीनमीटर_लाइन

सहा मीटर आणि लाइनमागून स्मॅश, दोन्ही घेतलं. २.१५ मुलग्यांच्या बारा-तेरा वर्षांच्या गटाला. दहा-अकराच्या पोरांना २.००च, यावर मी हटणार नाही.

एंडलाइनवाला

त्यांचा गट वेगळा असेल तर बांधा २.००. एकत्र असतील तर नाही.

सुईओली

हूक लावणाऱ्यांसाठी: हुकाचं तोंड वरच्या बाजूला आणि खांबाच्या बाहेरच्या अंगालाच ठेवा, कोर्टकडे नको. २.००चा हूक उडी मारणाऱ्या मोठ्या मुलांच्या डोक्याच्या आसपास येतो. न वापरलेल्या हुकांवर जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवून ठेवा.